अण्णांनी घराला वाहून घेतलंय म्हणे

आमच्या सांगवीच्या घरी कुणीही आलं की हे वाक्य ठरलेलं. कौतुक म्हणून ठीक आहे, पण मला त्यात घरच्यांची सोयच जास्त दिसते.

अण्णा ५८व्या वर्षी रिटायर झाले, विषय इंग्रजी. त्यांच्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून आलं ते २००० साली. म्हणजे नीरेकाठच्या ऊसवाल्यांच्या पोराला दहाव्या-अकराव्या वर्षी एबीसीडीपासून धरायचं आणि सहा वर्षांत बोर्डाला बसवायचं! (गणिताच्या सरांना पहिलीपासून तयार पोरं मिळायची, हे अण्णांचं जुनं दुखणं.)

आता तेच अण्णा लाईटबिल भरतात, दळण आणतात. नातू इंग्लिश मीडियमला. त्याला ट्यूशन लावलीय, कारण अण्णांचे उच्चार म्हणे जुने. अण्णा काही बोलत नाहीत. ट्यूशनला सोडायलाही तेच जातात.

दळण काय, कुणीही आणेल हो. आणि उच्चारांचं म्हणाल, तर परीक्षेचा पेपर लिहायचा असतो. तिथे टेन्स पक्के लागतात, आणि ते अण्णांइतके पक्के करून घेणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

घरची मंडळी हे वाचतील, रागावतीलही. रागवा खुशाल. पण या दिवाळीच्या सुट्टीत पोराची वही एकदा अण्णांपुढे ठेवा.