अकोटच्या २५ नगरसेवकांबाबत मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

अकोटच्या नगरपालिकेत निकालानंतर भाजपनं एमआयएमला सोबत घेतलं, ते आपल्याला सांगायला नको. एमआयएमशी युती चालणार नाही, असं आपणच ठणकावलंत. आपले आमदार प्रकाश भारसाकळे यांना त्यासाठी पक्षाची नोटीसही गेली. आपल्या लेखी प्रकरण मिटलं. मतदाराला कोणी विचारायचं?

नगरपालिकेच्या ३३ जागांचे निकाल लागले. भाजप ११, काँग्रेस ६, एमआयएम ५, प्रहार ३, उद्धवसेना २, अजितदादांची राष्ट्रवादी २, वंचित २, शिंदेसेना १, शरद पवारांची राष्ट्रवादी १. काँग्रेस-वंचितचे ८ सोडून उरलेले सगळे २५ ‘अकोट विकास मंच’ या आघाडीत गेले! दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं भांडण अकोटात एका कागदावर मिटलं. अभिनंदन. आता बेरीज करा, साहेब. एमआयएमचे ५ वगळले तरी २० उरतात, बहुमताला १७ पुरतात. म्हणजे नाइलाजही नव्हता. नगराध्यक्ष माया धुळे तर थेट जनतेतून आल्या, त्याही एमआयएमच्याच उमेदवाराला हरवून. मग मंच कशासाठी? उपाध्यक्षपद, विषय समित्या, स्वीकृत सदस्य. यालाच विकास म्हणतात, हे आम्हाला नवीन.

युती निवडणुकीआधीही सांगता येते. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सेना-भाजपनं युती म्हणूनच मतं मागितली होती. पटली नाही तर पाडायची सोय होती. अकोटात मतं आधी घेतली, युती मागाहून कळली.

आणि हे सगळं कायद्यात बसतं, हे आपण वकील असल्यानं जाणताच. नगर परिषद कायद्याचं कलम ६३ पाहा. निकाल अधिसूचित झाल्यापासून महिनाभरात आघाडी नोंदवली, की ती निवडणुकीआधीचीच धरली जाते. कोणी धरली? मी तर नाही. पुढे पक्षांतर करणाऱ्याला अपात्र ठरवणारा अनर्हतेचा कायदाही तिलाच लागू. म्हणजे ज्याला एमआयएमविरोधात निवडून दिलं, तो एमआयएमसोबत बांधला जाणार, आणि सुटायला गेला तर त्याचंच पद धोक्यात.

याच मुद्द्यावर आम्ही एका कार्यालयात निवेदन दिलं. आवकचा शिक्का तेवढा ठळक उमटला. उत्तर नाही.

महिनाभराची ही सवलत येत्या अधिवेशनात काढून टाका. आघाडी करायचीच असेल तर उमेदवारी अर्ज भरण्याआधी नोंदवा आणि मतदान यंत्रावर नावासमोर छापा. हे जमणार नसेल, तर भारसाकळेंना दिलेली नोटीस तरी मागे घ्या. आपल्याच कायद्यानं दिलेली मुभा वापरल्याबद्दल शिक्षा कसली?

कळावे,
अकोटचा एक मतदार