शर्यत कोणाची, मर्यादा कोणाला?

‘फॉर्म्युला वन’ मोटार शर्यतींचा २०२६ चा मोसम मार्चमध्ये मेलबर्नला सुरू होत आहे. २०२५ चे अजिंक्यपद लँडो नॉरिसने मॅक्स व्हर्स्टॅपेनवर अवघ्या दोन गुणांनी मात करून मिळविले. आता साउबरच्या जागी ऑडी येत आहे, कॅडिलॅक अकरावा संघ म्हणून उतरत आहे, आणि गाडीची जवळजवळ निम्मी शक्ती विजेची राहणार आहे. सर्वांना समान संधी मिळणार, असा डंका पिटला जात आहे.

या समतेचा पुरावा म्हणून खर्चमर्यादेकडे बोट दाखविले जाते. २०२१ साली ती १४ कोटी ५० लाख डॉलरांवर बांधली गेली. परंतु तिचा हिशेब तपासावा. गाडीचे भाग घडविणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन या मर्यादेत मोजले जाते; चालकांचे मानधन आणि सर्वाधिक वेतन घेणाऱ्या तिघा अधिकाऱ्यांचे वेतन मात्र तीतून वगळलेले आहे! काटकसर श्रमिकाच्या वाट्याला, मोकळीक वरच्यांना. वेतनगोठवणीचे उपदेश ऐकलेल्या कामगाराला हे तंत्र अपरिचित नाही.

नॉरिस जिंको वा व्हर्स्टॅपेन, ही मर्यादा शिखरापर्यंत पोहोचत नाही तोवर त्या शर्यतीला समान संधीची शर्यत म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय.