‘तर?’ विचारणाऱ्या गोष्टी

‘‘ताई, ही पुस्तकं पोरांची. तुमच्यासाठी तिकडं कादंबऱ्या आहेत की!’’ वाचनालयात विज्ञानकथांच्या कपाटाशी उभी राहिले, की हे वाक्य ठरलेलं. मी हसते आणि पुस्तक नावावर लिहून घेते. आम्ही आर्ट्‌सवाल्या, त्यात बायका. आम्हाला कशाला हवीत यानं आणि कृष्णविवरं, असं सगळ्यांनाच वाटतं. आपल्यालासुद्धा!

मैत्रिणींनो, मला मात्र या गोष्टींचं वेड आहे, आणि त्या आपल्याही आहेत असं माझं ठाम मत आहे.

डॉ. जयंत नारळीकरांचंच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक कोण, तर नारायण विनायक जगताप! हे नारळीकरच होते. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा लिहून काढली त्यांच्या पत्नीनं. या मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथाप्रकाराचं कौतुक केलं. म्हणजे मराठी विज्ञानकथेला वाट मिळाली, तेव्हा एका बाईचं अक्षर आणि दुसरीची शाबासकी तिच्यासोबत होती. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २०२५ मध्ये. पुस्तकं मात्र अजून कपाटात आहेत.

आता थोडं मागे जाऊ. १९०५ साली बंगालमधल्या बेगम रुकैया यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. त्यातल्या देशात पुरुष पडद्याआड घरात आणि बायका राज्यकारभार चालवतात! उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो; स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. सव्वाशे वर्षं होत आली या कल्पनेला. पुरुषानं यंत्राचं स्वप्न पाहिलं असतं, तर आधी तोफ आठवली असती. हिला चूलही आठवली. बाईनं विज्ञानकथा का लिहावी, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आपला सिनेमा मात्र इथं कमी पडतो. २००३ मधला ‘कोई मिल गया’ आठवतो ना? रेखानं केलेली ती आई बघून माझाही पदर ओला झाला होता. पण परग्रहावरून आलेल्या त्या पाहुण्याचं नाव काय ठेवलं, तर ‘जादू’! तिथंच सगळं आलं. जादू म्हटलं, की प्रश्न संपला. हात जोडायचे आणि टाळ्या वाजवायच्या. टीव्हीवरच्या नागिणींचंही तेच. चमत्कार पाहायची आपल्याला इतकी सवय लागलीय, की ‘असं कसं?’ हे विचारायचं राहूनच जातं.

सगळंच तसं नाही, हेही सांगायला हवं. आरती कडव या दिग्दर्शिकेनं ‘कार्गो’ हा अंतराळयानातला सिनेमा केला. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारे राक्षस त्या यानात नोकरी करतात! याच बाईनं पुढे ‘मिसेस’ केला, स्वयंपाकघरात घुसमटणाऱ्या सुनेचा. अंतराळ आणि ओटा, दोन्ही तिचेच विषय.

आमच्या सेलूत बचत गटाची बैठक झाली, की मी कधी कधी गोष्ट सांगते. एकदा नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सांगितली. इतिहासाचे हे प्राध्यापक अपघातानंतर भलत्याच जगात पोचतात. तिथं १७६१ मध्ये पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. का? विश्वासरावांना लागायची ती गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली. एवढ्याशा फरकानं पुढचा सगळा इतिहास वेगळा!

सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातली एक जण म्हणाली, ‘‘ताई, माझ्या बापानं नववीत शाळा नसती सोडवली, तर मी आज कुठं राहिले असते?’’

मला उत्तर देता आलं नाही. शेजारचीनं विषय बदलला, ‘‘झालं गेलं, आता काय त्याचं!’’ पण उठताना तीच बाई म्हणाली, ‘‘पोरगी आठवीत हाय. तिला तरी असं विचारायची पाळी नको.’’

एका गोष्टीनं घर बदलत नाही, हे मलाही कळतं. तिच्या पोरीला स्थळं येतील, नातेवाईक बोलतील. पण जे आहे ते असंच असायला हवं होतं का, हा प्रश्न एकदा मनात आला, की माणूस पुढच्या वेळी जरा अडून बसतो. आपल्याला लहानपणापासून ‘नशीब’ हा शब्द शिकवला, ‘तर?’ हा शब्द कुणी शिकवला नाही. तो मला या कथांनी शिकवला.

येत्या सुट्टीत मुलाबरोबर मुलीच्याही हातात असं एखादं पुस्तक द्या. आणि ते देण्याआधी स्वतः वाचा. कपाटाशी कुणी अडवलं, तर खुशाल सांगा, पोरांचं नाही, माझंच आहे!