कर्तव्य आणि खाडा

२३ सप्टेंबर २०२३. शनिवारची पहाट. नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. नदी पश्चिमेकडून सारं शहर ओलांडत आमच्या पूर्व नागपुरात येते. नंदनवनच्या आसपासच्या सखल वस्त्यांतल्या बायका मध्यरात्रीपासून धान्याचे डबे खाटेवर चढवत होत्या.

त्या दिवशी मी कामावर गेले. वाटेत दोनदा स्कूटर ढकलली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. संस्थेत पोचले तेव्हा साहेब म्हणाले, ‘याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा!’ खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण मी घरून निघण्याआधीच आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या. रोजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा. दारातच म्हणाल्या, ‘ताई, पाणी घुसलं जी घरात. खाडा नका मांडू.’ मी त्यांना चहा दिला, टॉवेल दिला. आणि भांडी घासू दिली! ‘आज राहू द्या, घरी जा’ हे पाच शब्द मला सुचले नाहीत, कारण मलाही वेळेवर निघायचं होतं. माझी कर्तव्यनिष्ठा त्यांच्या हातावर उभी होती.

मैत्रिणींनो, एकाच पावसात दोघी निघालो. माझ्या येण्याला कर्तव्य म्हणतात. त्यांच्या येण्याला काही नावच नाही. नाव आहे ते न येण्याला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण फुली मारतो, तो खाडा. मी गेले नसते तर किरकोळ रजा कापली गेली असती, पगार नाही. त्यांचा तर दिवसच कापला जातो. मग पोटासाठी आलेल्या बाईला कर्तव्याची जाण नसते, असं आपण कशावरून ठरवतो? त्या एका घरी पंगू आजीला आंघोळ घालतात. पूर असो नसो, ‘आजीले कोन पाहीन?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

उन्हाळ्यातही तेच. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की शाळा सकाळच्या होतात. गेल्या काही उन्हाळ्यांत तर दुपारी काही चौकांतले सिग्नलही बंद ठेवले, गाडीवाल्यांना उन्हात थांबावं लागू नये म्हणून. दुपारच्या भांड्यांची वेळ मात्र कुणी बदलली नाही. ती आपल्या जेवणावर ठरते ना!

नागपूरला या प्रश्नाची ओळख नाही असं नाही. रूपाताई कुलकर्णींच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटना इथेच उभी राहिली. पुढे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. त्यातून नोंदणी झाली, काही लाभ कागदावर आले. पण मालकिणीच्या कॅलेंडरपर्यंत तो कायदा पोचत नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांना इतर कामगारांसारखीच आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी वार्षिक रजा असावी असा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पुढे मान्यता मात्र दिली नाही. थोडंफार माझ्यासारखंच!

त्या बाई आल्या नसत्या तर मी फुली मारली असती का? हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. मारली असती, असं वाटतं. मनातल्या मनात चुकचुकून, पण मारलीच असती.

पुढे वस्तीतल्या बैठकीत मी मोठ्या उत्साहाने मांडलं, की महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, आणि पूर किंवा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तो दिवस वेगळा, असं मालकिणींकडून लिहून घेऊ. बायका गप्प. मग मागून एक म्हणाली, ‘पहिले तुमच्याच घरून सुरू करा ना, ताई.’

केलं. कॅलेंडरवर आता फुली नसते. शेजारच्या तिघी मात्र माझ्यावर नाराज आहेत. म्हणतात, मी बायकांना बिघडवते.