रस्ता ठरतो तेव्हा आपण कुठे असतो?

महामार्ग येणार म्हटलं की गावात दोनच विषय निघतात. जमिनीला भाव किती मिळणार आणि काम कधी सुरू होणार! पारावर, चहाच्या टपरीवर, तलाठ्याच्या कार्यालयात याच गप्पा. पण पाण्याची विहीर रस्त्यापलीकडे जाणार का, शाळेतली पोरं कुठून ओलांडणार, एसटीचा थांबा अंधारात तर येणार नाही ना, हे कोण विचारतं? हे प्रश्न ज्यांच्या डोक्यात रोज असतात, त्या आपण बायका त्या गप्पांत नसतोच.

बचत गटांच्या कामामुळे माझं आसपासच्या गावांत जाणं-येणं असतं. अशाच एका गावात चौपदरी रस्ता झाला. वस्ती अलीकडे, शेतं पलीकडे. ओलांडायची जागा दीड किलोमीटर लांब. डोक्यावर गवताचा भारा घेऊन रोज एवढा फेरा कोण मारणार? बायका सरळ दुभाजकावर चढून पलीकडे जातात. तिथं एका शेतमजूर बाईचा जीव गेला, तेव्हा गाव रस्त्यावर बसलं. उत्तर काय मिळालं? नकाशा आधीच मंजूर झालाय, आता बदल होणार नाही.

रस्ते नकोत, असं कुणीच म्हणत नाही. अडलेल्या बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात नेता येतं, मुली तालुक्याच्या कॉलेजात जाऊ शकतात, ते रस्त्यामुळेच. प्रश्न एवढाच की रस्ता आखताना काठावरच्या माणसांचा विचार होतो का?

विचार केला तर आराखडा बदलता येतो, हे आपल्याच राज्यात दिसलंय. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. रुंदीकरणात वाघांची वाट तुटणार होती. निसर्गप्रेमी संस्थांनी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. शेवटी जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलला. यातले काही मार्ग ५० मीटरचे, तर काही तब्बल ७५० मीटरपर्यंतचे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटेनं जाताना टिपले गेले. त्यात ११ वाघ होते! वाघाला वाट मिळाली याचा आनंदच आहे. मग भारा घेऊन जाणाऱ्या बाईला का मिळू नये?

फरक एकच. वाघांच्या बाजूने कुणीतरी चिकाटीने आणि पुराव्यानिशी बोललं. आपल्या बाजूने आपल्यालाच बोलावं लागेल. आणि त्यासाठी कायद्यात जागा आहे, बरं का.

केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार नव्या राष्ट्रीय महामार्गासाठी पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीतून वाचायला ठेवावा लागतो. शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे आपल्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. म्हणजे आपला मुद्दा लिहिला गेला की नाही, हे तिथल्या तिथे कळतं. जाणं जमलं नाही तर लेखी म्हणणं पाठवता येतं.

यात एक पळवाटही आहे. जुना महामार्ग रुंद करायचा असेल, तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरपेक्षा लांब आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जादा जागा घेणाऱ्या कामालाच ही मंजुरी लागते. बाकीची कामं सुनावणीशिवाय पुढे सरकतात. पण तिथेही जमीन जात असेल, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. दिवस मोजकेच असतात. म्हणून वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचायची सवय लावायला हवी. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हेही याच वेळी बघून घ्यावं. मोबदल्याचा विचार आधी कागदावरच्या नावाचा होतो, राबणाऱ्या हातांचा नाही!

सुनावणीत बोललं की सगळं मान्य होतं, असं मुळीच नाही. पण न बोललेलं तर कधीच मान्य होत नाही. बोलताना 'आमचं नुकसान होतंय' एवढ्यावर थांबू नका. अमुक शाळेसमोर भुयारी मार्ग हवा, तमुक ओढ्यावर मोठी मोरी हवी, या विहिरीला पर्याय हवा, इतकी झाडं तुटणार तर नवी कुठे लावणार, असं नेमकं लिहून द्या. पोच घ्या.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. अनेक गावांत ती फक्त सह्यांपुरती उरते. पुढच्या सभेला मैत्रिणींनो, गावाचा नकाशा सोबत न्या. पाणी, शाळा, स्मशान, शेत, दवाखाना… आपल्या रोजच्या वाटा त्यावर खुणा करून दाखवा. इंजिनीअरला रस्त्याची रुंदी माहीत असते. त्या रस्त्यावरून दिवसातून किती वेळा पलीकडे जावं लागतं, ते फक्त आपल्याला माहीत असतं.