बापावर गेलं पोट्टं?

वस्तीत एखादा तरणा पोरगा पहिल्यांदा पिऊन घरी आला की शेजारच्या ओट्यावरून एकच वाक्य ऐकू येतं, "बापावरच गेलं पोट्टं!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ते आईच्या कानावर पडतं आणि पोराच्याही. दोन-चार वर्षांनी त्यालाच कुणी समजवायला गेलं तर तो म्हणतो, "रक्तातच आहे काका, मी काय करू?" आणि समजावणारा गप्प होतो. आंजीत विहारात बसणाऱ्या आम्हा लोकांना हे इतक्यांदा ऐकावं लागलं की या वेळचं आरोग्याचं पान त्यासाठीच ठेवलं.

आधी खरं आहे ते मान्य करू. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे. १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जे जन्मानंतर काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी गेले, असे ५५ पुरुष त्यात होते. पिणारा बाप त्यांनी घरात पाहिलाच नव्हता. तरी मोठेपणी त्यांच्यातले १० जण व्यसनात सापडले, म्हणजे शेकडा १८. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा दत्तक मुलांत हे प्रमाण शेकडा ५ होतं. पुढे जुळ्या भावंडांवरही पुष्कळ अभ्यास झाले. माणसामाणसांत व्यसनाचा धोका कमी-जास्त दिसतो, त्यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिकतेमुळे असतो, असं त्यांतून दिसलं.

म्हणून "रक्तात काही नसतं, सगळे मनाचे खेळ" असं म्हणणं बरोबर नाही. पण तोच आकडा उलटा वाचा. ५५ पैकी ४५ जण व्यसनी झाले नाहीत. बापाकडून आलेलं रक्त त्यांचंही होतंच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गावात आपल्या माणसांकडे बोट दाखवून "यांच्यात पितातच" म्हणणारे आजही आहेत. दारूचा असा एक जनुक नाही. थोडाथोडा परिणाम करणारे पुष्कळ जनुक आहेत आणि ते सगळ्या जातींच्या घराघरांत विखुरलेले आहेत. धोका कुटुंबात पाहायचा असतो, जातीत नाही. माणसाची किंमत जन्मावरून ठरवणाऱ्यांशी आपलं भांडण जुनं आहे, तेव्हा निदान आपल्याच पोराला आपण तो न्याय लावू नये.

हे जनुक करतात तरी काय? पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी एक विषारी द्रव्य होतं आणि मग दुसरं एक विकर त्याचा निकाल लावतं. जपान, चीन, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरं विकर जन्मतःच मंद असतं. थोडी घेतली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. अशा लोकांत व्यसन कमी आढळतं. आपल्याकडे हा जन्मजात ब्रेक फार थोड्यांना मिळालेला आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत मार्क शुकिट नावाच्या डॉक्टरांनी व्यसनी बापांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली आणि कुणाला किती चढते ते पाहिलं. वर्षांनी पुन्हा भेटून पाहिलं, तर ज्यांना कमी चढली होती त्यांच्यातच व्यसन कितीतरी जास्त निघालं. ज्याला लवकर चढत नाही त्याला थांबायची खूण मिळत नाही, म्हणून तो जास्त पितो.

आता आपलं लग्न किंवा पोळ्याची कर डोळ्यांपुढे आणा. क्वार्टर रिचवूनही सरळ चालणाऱ्या पोराला आपण "पक्का गडी" म्हणून पाठीवर थाप देतो. घरात आधी कुणी पिणारं असेल तर सगळ्यात जास्त जपायचं त्यालाच.

वय तर फार मोठी गोष्ट आहे. पंधराच्या आत पहिला घोट घेणाऱ्यांत पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसलं आहे. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात शहरातल्या मुलांवर जनुकांचा जोर जास्त दिसला, खेड्यातल्या मुलांवर कमी. म्हणजे बी तेच असलं तरी जमीन पाहून उगवतं. आपला वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. तरी मोहाचा सडवा सापडतोच, वॉश आऊट मोहिमा होतातच आणि शेजारच्या जिल्ह्यांतून बाटल्या येतातच. बंदीला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही हसत नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात बाटली जितकी उशिरा पडेल तितकं बरं, आणि ते काम एकट्या पोलिसांचं नाही.

थोडं आपल्याबद्दलही बोलायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही ती आहे. ती मोडणाऱ्याला आपण विहाराच्या पायरीवरूनच परत पाठवतो. मग तो लपून पितो, आणि आजार अंगात पक्का होईपर्यंत बायकोही कुणाला सांगत नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत व्यसन जडलेल्या ३८ जणांत फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. बाकीच्या ३७ मध्ये आपलेही आहेत. प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला औषध लागलं तर त्यात प्रतिज्ञेचा अपमान कसला?

रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, भास असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना खरं ते सांगा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर विचारायचं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक, दोन्ही मोफत. आणि आयाबहिणींनो, कुणी दिलेली "दारू सोडवायची गोळी" नवऱ्याच्या नकळत चहात किंवा भाजीत घालू नका. त्यातली डायसल्फिराम ही गोळी ते दुसरं विकर बंद पाडते. वरून दारू पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी, त्या माणसाला सांगून आणि त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही बारा वर्षांवरच्या मुलांशी याच विषयावर बोलणार आहोत. "तुझ्या घरात हे आहे, म्हणून तुला इतरांपेक्षा जास्त जपायचं" एवढं त्यांना न लाजवता सांगायचं आहे. बापांनीही यावं. आदल्या रात्री घेतली असली तरी यावं, पायरीवर कुणी अडवणार नाही.