ऐनवेळचे विषय

नगरपालिकेच्या सभेची विषयपत्रिका आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल. वाचण्यासारखी असते. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग बाजार फी वसुलीचा ठेका, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, स्मशानभूमीसाठी लाकूड, दिवाबत्तीचे साहित्य, निवृत्त सफाई कामगाराच्या वारसाला कामावर घेणे. आणि सगळ्यात शेवटी, ठराविक भाषेत, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. जन्माच्या दाखल्यापासून सरणाच्या लाकडापर्यंत माणसाचा सगळा हिशेब त्या दोन-तीन कागदांत असतो. तरी नगरपालिका म्हटले की आपल्याला हसू येते. दिल्लीतले सरकार पडले तर आपण रात्री जागतो, पण गल्लीतले गटार कोणत्या ठरावाने बांधले हे विचारले तर कोणाला सांगता येत नाही.

मी वसईकर. नगरपालिकेच्या सभांना प्रेक्षकांच्या बाकावर बसण्याचे मला जुने वेड आहे. काही लोक क्रिकेटला जातात, काही भजनाला. हा सभेला जातो, असे घरचे म्हणतात. त्या बाकावर बसून जे शिकलो ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हते. प्रत्येक सभागृहात एक कायदा जाणणारा सदस्य असतो, तो पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या घालूनच येतो. एक पाच वर्षांत तोंड न उघडणारा असतो. एकाला सभात्याग करण्याची हौस असते आणि चहा येण्याच्या सुमारास तो परत येतो. आणि दोन-तीन असे असतात, बहुतेक वेळा बायका, ज्या भाषण करीत नाहीत. उठून एवढेच विचारतात की आमच्याकडे पाणी पहाटे तीनला का सोडता? १९९३ नंतर एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. त्यांना नवऱ्याचे रबरी शिक्के म्हणणारे खूप भेटले. पण पाणी किती वाजता येते हे ठाऊक असलेली माणसे सभागृहात बसू लागली, हा फरक मी कानांनी ऐकला आहे.

त्या प्रश्नानंतर काय होते, ते पाहण्यासारखे असते. सदस्य आळीचे नाव घेतो. पाणीपुरवठ्याचा अभियंता उभा राहतो, कारण त्याला उभे राहावेच लागते. तो म्हणतो, पंप नादुरुस्त आहे. सदस्य विचारतो, कधीपासून? अभियंता कागद चाळतो. लिपिक लिहून घेतो. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तोच सदस्य पुन्हा उठतो: मागच्या वेळी आठ दिवस म्हणालात. बस, एवढेच. नगरपालिका चालते ती या यंत्रावर. आळीचे नाव चारचौघांत उच्चारले जाणे, त्याला उत्तर मिळणे आणि ते कागदावर येणे. यात थोर असे काही नाही, पण हे बंद पडले की काय होते ते आम्ही वसई-विरारच्या लोकांनी अलीकडे पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले. त्याकडे येतो.

वसईची नगरपालिका १८६४ सालची. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा, म्हणजे वसईचे पालिका प्रकरण त्याहूनही जुने. विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर यांचा कारभार मात्र फार पुढेपर्यंत ग्रामपंचायतींनी सांभाळला. रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांची वस्ती वाढली तशा तिथे नगरपरिषदा आल्या. आणि १९९० साली सरकारने या सगळ्या पट्ट्याचे नियोजन सिडकोच्या हाती दिले. ही गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. पण तिचा अर्थ असा होता की इमारत कुठे आणि किती मजल्यांची उभी राहायची हे एका कचेरीत ठरणार, आणि त्या इमारतीला पाणी, गटार, दिवा, झाडूवाला हे सगळे दुसऱ्या कचेरीने पुरवायचे. नकाशा एकाकडे, नळ दुसऱ्याकडे. नगरसेवक सभेत आरडाओरडा करायचा, मुख्याधिकारी म्हणायचा, बांधकाम परवानगी आमच्या अखत्यारीत नाही. आणि तो खरेच बोलत असे. हा प्रकार २०१० पर्यंत चालला.

त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले ते पुष्कळांना झाडे वाचवण्याचे आंदोलन म्हणून आठवते. मला ते मोठ्या आवाजातली नगरपालिकेची सभा वाटायचे. हजारो लोकांनी आराखड्यावर हरकती लिहिल्या. ज्यांनी जन्मात अर्ज केला नव्हता त्यांनी आपल्या वाडीचा सर्व्हे नंबर शोधून काढला. दिब्रिटो पुढे २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. त्यांच्या भाषेचे कौतुक पुष्कळ झाले. माणसांना नकाशा वाचायला लावला, याचे तेवढे झाले नाही.

पाण्याचेच घ्या. उसगाव आणि पेल्हार ही जुनी धरणे मिळून रोजचे तीस दशलक्ष लिटर देतात. मग सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाचे पाणी दोन टप्प्यांत आले, शंभर आणि शंभर. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. त्यानंतर किती वाढली हे विरार लोकलमध्ये चढू पाहणाऱ्याला विचारावे. २०२३ च्या अखेरीस एमएमआरडीएच्या योजनेतून वाढीव पाणी यायला लागले. त्यात वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा आहे. आकडे मोठे आहेत. पण हे धरण मुळात पालघर-डहाणूकडच्या शेतीसाठी बांधलेले. आमच्या नळाला येणारे पाणी कोणाच्या तरी कालव्यातून वळलेले असते, आणि तिकडचे शेतकरी, आदिवासी त्याविरुद्ध बोलत आले आहेत. आमच्या सभागृहात त्यांची बाजू मांडणारा कोणी निवडून जात नाही. पाणी वाढले म्हणून पेढे वाटताना हे आठवणारे थोडे.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी कडाडून विरोध केला. वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव या बाजूची माणसे बागायतदार: फुले, भाजी, केळी, पानवेली. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटले, यांना घरपट्टीची भीती आहे. ती होतीच, नाकारण्यात अर्थ नाही. पण ग्रामसभेत उभे राहून 'सरपंच, आमच्या बावखलात भराव कोण टाकतो?' असे विचारता येते. महानगरपालिकेत हा प्रश्न विचारायला विरारला जावे लागते, आणि तिथे बावखल म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागते. (बाहेरच्या वाचकांसाठी: बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसात भरते, आसपासच्या विहिरी जगवते, वर्षभर बाग शिंपते.) त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईतून अपक्ष विवेक पंडित निवडून आले, त्यात या गावांच्या रागाचा मोठा वाटा होता. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, त्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे वर्षानुवर्षे राहिले. २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय रद्द करून गावे पुन्हा पालिकेतच ठेवायचे ठरवले. एका गावातल्या मुलाचा जन्म ग्रामपंचायतीच्या काळातला असेल तर तो कॉलेजात गेला, तरी आपण नक्की कोणाच्या हद्दीत राहतो हे त्याच्या बापाला खात्रीने सांगता येत नव्हते.

बावखले भरली जात असताना ते कुणाच्या विषयपत्रिकेवर नव्हते. जुलै २०१८ मध्ये ते ऐनवेळच्या विषयात आले. वसईत चार दिवस पाणी साचून राहिले, वीज गेली, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या, मिठागरातली माणसे अडकून पडली. त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि पाणी साठवायला तलाव हवेत यावर चर्चा सुरू झाली. आमच्या आजोबांच्या वाड्यांत ते होते.

आता २०२० कडे येऊ. पालिकेच्या सदस्यांची मुदत २८ जून २०२० रोजी संपली. करोनाचे दिवस, निवडणूक शक्यच नव्हती. ते समजण्यासारखे होते. पण करोना गेला, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि महाराष्ट्रातल्या इतर शहरांप्रमाणे आमचे शहरही प्रशासकाच्या हाती राहिले. प्रशासक म्हणजे आयुक्तच. त्याने प्रस्ताव पाठवायचा, स्थायी समिती म्हणून त्यानेच मान्य करायचा, सर्वसाधारण सभा म्हणून त्यानेच कायम करायचा. अधिकारी वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. काही कामे या काळात वेगाने झाली असे म्हणणारेही भेटतात. सभात्याग नाही, चहा नाही, हुज्जत नाही. पण 'कधीपासून?' असे विचारणाराही कोणी नाही. २००१ ते २०२१ साठी केलेल्या विकास आराखड्याची मुदत संपली तेव्हा सभागृहाला कुलूप होते. एवढ्या मोठ्या शहराने पुढची वीस वर्षे कशी राहायचे, याची सुरुवात रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकवले जाते, आणि ते टाळता येणार नाही. सदस्य होते तेव्हा तरी काय दिवे लावले? नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्या सदस्य असतानाच. न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे, ज्यांनी पै-पैसा जमवून तिथे खोली घेतली होती, भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत २०१२ च्या सुमाराची. ती २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कोसळली, सतरा जण गेले. तेव्हा प्रशासक होता. ती बांधली गेली तेव्हा नगरसेवक होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवायला जागा आहे.

माझे म्हणणे असे की सभागृहात सदस्य होते, पण बाकावर आपण नव्हतो. एकेचाळीस इमारती रात्रीत उगवत नाहीत. एकाच पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या सभागृहात हुज्जत कमीच व्हायची, आणि ऐकायला कोणी नसेल तर उरलेली हुज्जतही कशासाठी घालायची? महिन्यातून एकदा तरी सर्वसाधारण सभा झाली पाहिजे आणि ती लोकांना खुली असली पाहिजे, असे कायदा सांगतो. त्या खुल्या दारातून आत जाणारे मी बोटांवर मोजले आहेत: दोन-चार पत्रकार, एखादा ठेकेदार, एखादा निवृत्त मास्तर.

१५ जानेवारी २०२६ रोजी अखेर निवडणूक झाली. ११५ सदस्य, पण या वेळी बहुतेक प्रभागांत चार-चार. याची मला थोडी धास्ती आहे. एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता तेव्हा दिवा गेला तर कोणाच्या दारात जायचे हे ठाऊक होते. आता चौघांकडे एकच खांब. पहिला म्हणेल, ते दुसऱ्याकडे आहे. मुख्याधिकाऱ्याचे 'आमच्या अखत्यारीत नाही' नव्या कपड्यांत परत येऊ शकते. शिवाय शहराचे नऊ प्रभाग कार्यालयांत तुकडे झाले आहेत, ए पासून आय पर्यंत. १८६४ पासून स्वतःची नगरपालिका असलेली वसई आज 'आय' आहे, यादीतले शेवटचे अक्षर.

म्हणून दोन मागण्या, दोन्ही बिनखर्चाच्या. विषयपत्रिका सभेच्या आठवडाभर आधी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावी, ठळक अक्षरात, आणि 'विषय क्रमांक ७ बाबत निर्णय घेणे' अशी मोघम नको, तर आळीचे, रस्त्याचे, सर्व्हे नंबराचे नाव घालून. आणि ऐनवेळच्या विषयांत बांधकाम, आरक्षण बदल किंवा मोठी निविदा घेऊ नये. तिथे मेलेल्या बैलाची विल्हेवाट यावी, पडलेले झाड यावे, फुटलेली जलवाहिनी यावी.

पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईचा विषय उन्हाळ्यात सभेपुढे येतो. आपल्या घरामागच्या नाल्याचे नाव यादीत आहे का, एवढे बघायला तरी विरारच्या मुख्यालयात जावे. जाताना थोडे लवकर निघावे, बाके कमी असतात.